प्राचार्यपदाचा गुणतक्ता जाहीर करा

प्राचार्यपदाच्या मुलाखतींचे गुण त्याच दिवशी जाहीर झाले पाहिजेत, अशी आमची स्पष्ट भूमिका आहे. नागपूरच्या धंतोली-काँग्रेसनगरातल्या विद्यार्थ्यांना प्राचार्यांमागचा ‘प्रभारी’ हा शब्द आता नवा राहिलेला नाही. २०२४मध्ये कुलगुरूंच्या निलंबनानंतर खुद्द राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा कारभारही प्रभारींकडेच गेला.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत पळवाटेला फारशी जागा नाही. उमेदवाराला पीएच.डी., १५ वर्षांचा अनुभव आणि किमान १० शोधनिबंध लागतात. निवड समितीत संस्थाध्यक्षांच्या जोडीला कुलगुरूंचे प्रतिनिधी आणि बाहेरचे तज्ज्ञ असतात. गुणतक्ता, गुणानुक्रमे यादी, सर्व सदस्यांच्या सह्या, हे सारे बैठकीच्या दिवशीच पुरे करायचे असते. मग तो कागद कपाटात का राहावा?

प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल मांडीवर घेऊन उमेदवार दाराबाहेरच्या बाकावर ताटकळतो आणि ‘नाव आधीच ठरले आहे’ ही कुजबुज त्याच्या कानी येते. ती खरी असो वा नसो, चांगले प्राध्यापक पुढच्या वेळी अर्जच करीत नाहीत. हे नुकसान आम्हाला सर्वांत गंभीर वाटते. पाच वर्षे महाविद्यालय ज्याच्या हाती द्यायचे, तो उरलेल्यांतून निवडला जातो.

गुणतक्ता संकेतस्थळावर आल्याखेरीज विद्यापीठाने एकाही प्राचार्याच्या नेमणुकीला मान्यता देऊ नये, आणि तसा आदेश नव्या सत्रापूर्वी काढावा.