परवानगीच्या नावाने खडे फोडण्यापूर्वी

'जामखेड काय पुणं आहे? इथं कशाला हवीत परवानगीची थेरं?' हे वाक्य टपरीवर ऐकू येते तसे पुढाऱ्याच्या बैठकीतही. त्यामागचा युक्तिवाद असा: गाव लहान, पाऊस बेभरवशाचा, माणूस पोटाला चिमटा घेऊन गुंठाभर जागा घेतो आणि दोन खोल्या उठवतो. त्याच्या आड एनए (अकृषिक परवानगी), ले-आउट, नकाशा, विकास आराखडा आणायचा म्हणजे गरिबाला नाडायचे आणि कचेरीतल्यांच्या चिरीमिरीची सोय करायची. ग्रामपंचायत होती तेव्हा बरे होते. नगरपरिषद आली आणि कागदांचा ससेमिरा लागला.

यातला खरा भाग आधी मान्य करू. कचेरीत खेटे घालावे लागतात. टेबलागणिक वेगळी कागदपत्रे मागितली जातात. सामान्य माणूस शेवटी एजंटाचे पाय धरतो. हा राग रास्त आहे. पण तो काढला जातो भलत्यावरच.

'घराला परवानगीच मिळत नाही' हा पहिला आक्षेप. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई आणि काही क्षेत्रे वगळून राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यानुसार 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर घर बांधायचे तर नकाशा व ठरलेले कागद दाखल करून शुल्क भरायचे; पोचपावती हीच परवानगी. एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, जेमतेम 101 चौरस मीटर. म्हणजे ज्या गरिबाच्या नावाने गळा काढला जातो, त्याच्यासाठीच वाट सर्वांत सोपी आहे. शिवाय 1966 च्या नगररचना अधिनियमाचे कलम 45 सांगते, की नियमात बसणाऱ्या अर्जावर 60 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते.

मग घोडे अडते कुठे? प्लॉटपाशी. ही सोपी वाट कायदेशीर प्लॉटला मोकळी आहे. आपल्या माणसाने गुंठा घेतलेला असतो नोटरीवर. सातबाऱ्यावर त्याचे नाव नाही, असलेच तर सामाईकात. मोजणी नाही, चतुःसीमा तोंडी. बँक कर्ज देत नाही आणि घरकुलाचा अर्जही जागेच्या कागदावरच अडखळतो. त्याची फसगत विटेवर वीट चढण्याआधी, विसार देतानाच झालेली असते. परवानगीला शिव्या घालणारे नेमक्या या व्यवहाराबद्दल गप्प असतात.

'जमीन ज्याची, मर्जी त्याची' हा दुसरा आक्षेप. इथे प्लॉटिंगचा हिशेबच मांडून पाहू. एक एकर म्हणजे 40 गुंठे, 4047 चौरस मीटर. जागा 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठी असेल तर ले-आउटमध्ये दहा टक्के खुली जागा सोडावी लागते, म्हणजे सुमारे चार गुंठे. त्यात नऊ मीटरचे अंतर्गत रस्ते. उरेल ते विकायचे. आता एकच गुंठा बाजूला काढा. 39 गुंठे म्हणजे 3946 चौरस मीटर. चार गुंठ्यांची खुली जागा कागदावरून पुसली गेली. रस्ता नऊ मीटरऐवजी बारा फुटांचा ठेवा, आणखी काही प्लॉट निघाले. ही कमाई बहुतेक वेळा मूळ शेतकऱ्याच्या पदरात पडतही नाही. तो आधीच साठेखत करून मोकळा झालेला असतो. किंमत मोजतो शेवटचा खरेदीदार: रुग्णवाहिका दारापर्यंत येत नाही, गटार काढायला जागा नाही, पोरांना खेळायला अंगण नाही. मर्जी विकणाऱ्याची आणि भोग घेणाऱ्याचे, याला मालकी हक्क म्हणायचे असेल तर लुबाडणूक कशाला म्हणायचे?

तिसरा आक्षेप चलाख आहे: 'सरकार पुढे नियमित करतंच की!' करते, हे खरेच. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने तोवरची बांधकामे नियमित करण्याची सोय केली. 2021 मध्ये ती मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढली. तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे विकण्यावरची बंदी, मोडून 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळात झालेले व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याचा अध्यादेश 2025 मध्ये निघाला. अडकलेल्या लाखो कुटुंबांना हा दिलासा हवाच होता. पण नियमित होतो तो कागद. बारा फुटांचा बोळ सरकारी शिक्क्याने रुंद होत नाही, आणि बुजवलेला ओढा अध्यादेशाने वाहू लागत नाही. विंचरणा नदीच्या काठी वसलेल्या जामखेडला हे सांगावे लागू नये. आठ महिने कोरडा ठाक असलेला नाला दलालाला रिकामा प्लॉट वाटतो; सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत अहिल्यानगर जिल्ह्याने पाहिले, की पाणी आपला जुना रस्ता विसरत नाही.

'आराखडा, नकाशा लोकांना कळत नाही. ते तज्ज्ञांचं काम' हा चौथा आक्षेप निदान जामखेडमध्ये तरी कोणी घेऊ नये. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी इथेच ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि अक्षरओळखही नसलेल्या खेड्यांतल्या बायांना आरोग्यसेविका केले. बाळंतपण, जुलाब, कुपोषण यांत त्या तरबेज झाल्या. जगभरचे डॉक्टर ते पाहायला या गावात आले. ज्या तालुक्यातल्या बायांना शरीराचे शास्त्र कळले, तिथल्या माणसांना आपल्या गल्लीचा नकाशा कळणार नाही? न कळण्याचे कारण वेगळे आहे: तो कोणी समजावूनच सांगत नाही.

लोकांना सांगून, विचारून नगररचना कशी होते, हे इंग्लंडमध्ये दिसते. तिथे नगररचनेचा पहिला कायदा 1909 मध्ये झाला; मुंबई इलाख्याने स्वतःचा कायदा 1915 मध्येच केला. आपण फार मागे नव्हतो. फरक पडला तो वापरात. इंग्लंडमधल्या खेड्यात कोणी घर वाढवायला निघाला, की जागेवर सूचना लागते किंवा शेजाऱ्यांना पत्र जाते, 21 दिवस म्हणणे मांडता येते आणि गावच्या पॅरिश कौन्सिललाही आपले मत देता येते. 2011 च्या कायद्यानंतर तर गावाने आपला आराखडा स्वतः करून तो मतदानाने संमत करण्याची सोय झाली. अर्थात तिथलेही सगळे अनुकरणीय नाही. जुने रहिवासी हरकतींचा मारा करून नवी घरे रोखतात, भाव चढतात आणि त्याच गावच्या तरुण पोरांना गाव सोडावे लागते. आपल्याला अडवण्याची काठी नको आहे. नव्या घरांना रीतसर जागा हवी आहे.

म्हणूनच आराखड्याची बाजू घेताना त्यातला अन्यायही झाकून चालणार नाही. शेतकऱ्याच्या जमिनीवर आरक्षण टाकायचे आणि पैसे नाहीत म्हणून वर्षानुवर्षे ती तशीच गोठवून ठेवायची, हे पाप आहे. त्याच 1966 च्या अधिनियमाच्या कलम 127 प्रमाणे दहा वर्षे थांबा, मग नोटीस द्या, मग आणखी 24 महिने वाट पाहा; तेव्हा कुठे सुटका. मोठ्या शहरात मोबदल्यादाखल मिळणारा टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, विकला जातो. जामखेडमध्ये तो घेणार कोण? तेव्हा नगरपरिषदेने तिजोरी बघूनच आरक्षणे टाकावीत. दहा जागा अडवण्यापेक्षा तीन घ्याव्यात आणि त्यांचे पैसे द्यावेत.

बाकी मागण्या साध्या आहेत, आणि एकीलाही नवा कायदा लागत नाही. मंजूर ले-आउटची यादी गट नंबरासह नगरपरिषदेच्या दारात आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत लावा. विसार देण्यापूर्वी माणसाने ती वाचावी. ले-आउटमधल्या खुल्या जागा नगरपरिषदेच्या नावावर चढवून तारेचे कुंपण घाला. नदी, ओढे, नाले आधी मोजा, रस्ते नंतर आखा. प्रारूप आराखडा निघाला की हरकतींना तीस दिवस मिळतात. त्या तीस दिवसांत प्रभागाप्रभागात नकाशा भिंतीवर लावून, 'हा तुमचा गट, हा येणारा रस्ता' असे मराठीत सांगा.

मोठ्या शहराकडे चूक निस्तरायला पैसा असतो. ते पूल बांधते, भुयार खोदते, भरपाई देते. पाण्यासाठी भुतवडा तलावाकडे डोळे लावून बसणाऱ्या गावाला ही चैन परवडणारी नाही. गाव लहान आहे म्हणून नियम नकोत असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे: आज नऊ मीटरचा रस्ता आखायला दोरी आणि चुना पुरतो, घरे उभी राहिल्यावर त्याच रस्त्यासाठी बुलडोझर लागतो, आणि तो पहिल्यांदा गुंठेवाल्याच्याच दारात येतो.