विज्ञानविचार : सोन्याचा पापुद्रा व रक्ताचा थेंब

हुपरीची चांदी आणि गुजरींतील सोनें यांची करवीरकरांस नव्यानें ओळख करून देण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु हेच दोन धातु रोगपरीक्षेच्या एका यंत्रांत परस्परांशीं स्पर्धा करीत आहेत, ही गोष्ट आमच्या कित्येक वाचकभगिनींस नवीन वाटेल.

कांचेच्या लोलकाच्या एका अंगास सुमारें ५० नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या सहस्रांशाएवढा, सोन्याचा थर देतात. लोलकांतून आलेला प्रकाश त्यावरून परत फिरतो. मात्र एका ठराविक कोनांत सोन्यांतील मोकळे इलेक्ट्रॉन त्याच्या तालावर हेलकावूं लागतात, प्रकाशाची शक्ति त्यांतच खर्चीं पडते आणि परावर्तित किरण एकाएकीं मंदावतो. सोन्याच्या बाहेरील अंगास प्रतिद्रव्यें बसवून वरून रक्तद्रव वाहूं दिला, आणि त्यांतील हवें तें प्रथिन त्यांस बिलगलें, कीं हा कोन किंचित् सरकतो. लोलकाची ही रचना जर्मन शास्त्रज्ञ क्रेट्शमान यांच्या नांवानें ओळखली जाते. प्रथिनें हुडकण्याकडे या तत्त्वाचा उपयोग १९८३ सालीं स्वीडनमध्यें झाला.

अडचण 'किंचित्' या शब्दांत आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तांत उतरणारें ट्रोपोनिन आरंभीं इतकें अल्प असतें, कीं कोनांतील फरक सहज निसटावा. चांदी वापरल्यास हा मंदपणा अधिक अरुंद व रेखीव दिसतो. पण देवघरांतील निरांजन हवेंतील गंधकानें कसें काळवंडतें, हें सासूसुनांस सांगावयास नकोच! म्हणून खालीं चांदी व वर सोन्याचा अगदीं पातळ पापुद्रा, अशी तोड निघाली. पापुद्रा फार पातळ झाला तर छिद्रांवाटे रक्तांतील क्षार चांदीस गांठतात. जाड केला तर चांदीचा लाभच जातो. दुसरी युक्ति मला अधिक पटते. पकडलेल्या प्रथिनास दुसऱ्या प्रतिद्रव्यासह सोन्याचा सूक्ष्म कण जोडावयाचा, म्हणजे तोच कोन पुष्कळ अधिक सरकतो.

तथापि यंत्र तिखट झालें, कीं तें नको त्या गोष्टीही टिपतें. पाण्याचें तापमान एक अंश वाढलें तर त्याचा वक्रीभवनांक सुमारें ०.०००१ नें उतरतो. चांगलें यंत्र याच्या शतांशाएवढा फरक ओळखतें. अर्थात् अंशाच्या शतांशाएवढी ऊबही कोन हलविते आणि खऱ्या प्रथिनाची खूण पुसून टाकूं शकते. यासाठीं शेजारींच प्रतिद्रव्य नसलेली दुसरी वाट ठेवून तिचें माप वजा करतात. नवनव्या थरांचे केवळ गणितानें काढलेले मोठाले आंकडे वाचतांना ही वजाबाकी कोठें केली आहे, आणि प्रयोग शुद्ध पाण्यावर झाला कीं रक्तावर, एवढें आधीं पाहावें. आपल्या शिवाजी विद्यापीठांत नॅनोविज्ञान शिकणाऱ्या घरच्या मुलामुलींना हा प्रश्न अवश्य विचारावा.