चार मीटरची चौकट आणि हवेचा विरोध

दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारापाशी रविवारी सायंकाळी मोटार न्यायची, तर पहिल्या-दुसऱ्या गिअरपलीकडे जाण्याची संधी क्वचितच मिळते. तेथे गाडीचा आकार हवेला कसा छेदतो, याला फारसे महत्त्व नसते. इंधन खर्ची पडते ते गाडीचे वजन, वारंवार लागणारा ब्रेक आणि जागच्या जागी धडधडणारे इंजिन यांपायी. तीच गाडी यमुना द्रुतगती मार्गाने आग्र्याकडे निघाली, की हिशेब पालटतो. वेग ताशी ५० वरून १०० किलोमीटरवर गेला, की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती आठपट.

आपले करधोरण मात्र हवेची दखल घेत नाही. २००६ च्या अर्थसंकल्पाने लहान मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत दिली, ती लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन ठरावीक क्षमतेचे या अटींवर. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे दर बदलले, लहान मोटारींवरील कर १८ टक्क्यांवर आला. लांबीची अट कायम राहिली. परिणामी अभियंत्यांनी पट्टीबरहुकूम गाड्या आखल्या. पुण्याच्या ‘इंडिगो’ची ‘सीएस’ आवृत्ती डिकी आखडून या चौकटीत बसवली गेली. मागील भाग हळूहळू निमुळता करण्यास जागा उरली नाही, तर गाडीमागे कमी दाबाचे भोवरे तयार होतात आणि ते तिला मागे खेचतात. लांबी वाढवता येत नाही म्हणून उंची वाढली, तर हवेला सामोरे जाणारे क्षेत्रफळही वाढते.

कंपन्यांसाठी २०२२-२३ पासून लागू असलेले सरासरी इंधनक्षमतेचे निकषही वजनाशी जोडलेले आहेत. जड गाड्या बनवणाऱ्यास अधिक सैल मर्यादा मिळते.

लांबीच्या अटीने काहीच साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तिने मध्यमवर्गाच्या आवाक्यातील गाड्या घडवल्या, शहरांतील जागाही वाचवली. तथापि, द्रुतगती मार्गांचे जाळे विस्तारत असताना ग्राहकाला मायलेजचा एकच आकडा सांगणे अपुरे आहे. अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवरील पत्रकात शहर आणि महामार्ग यांचे आकडे स्वतंत्र छापलेले असतात. आपल्याकडेही तसेच व्हावे आणि करसवलत लांबीऐवजी प्रत्यक्ष इंधनबचतीशी जोडावी.

देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात होते. या खर्चाचा भार अखेर महिन्याचे अंदाजपत्रक जुळवणाऱ्या कुटुंबावरच पडतो. गाडी मोजण्याची पट्टी निवडताना सरकारने निदान त्याचा विचार करावा.