सोसायटीची पाटी: फ्लेक्स, पत्रा कीं भिंत?

शेतकऱ्यांच्या संस्थांच्या जमाखर्चांत कांहीं रकमा इतक्या लहान असतात कीं, वार्षिक सभेंत त्यांबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाहीं. 'फलक व जाहिरात' ही त्यांपैकींच एक. गोदामांतील तूट आणि लाभांश यांवर तास तास वाद घालणारे सभासद, दरवर्षीं नवी पाटी कां लागते हें मात्र विचारीत नाहींत. माझ्या मतें हा प्रश्न अवश्य विचारण्याजोगा आहे; कारण त्यांत संस्थेच्या पैशाचा, आणि पाटी मोठी असेल तर रस्त्यानें जाणाऱ्यांच्या जिवाचाहि संबंध येतो.

आजमितीस विविध कार्यकारी सोसायटी, दूध संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, कोणाचीहि पाटी पाहा, ती बहुधा फ्लेक्सची असते. फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीदार कापडावर दोन्ही बाजूंनीं चढविलेलें पीव्हीसी. संध्याकाळीं सांगावें व सकाळीं मिळावें, हवें तें चित्र त्यावर यावें, आणि किंमतहि थोडी, हे त्याचे गुण नाकारण्यांत अर्थ नाहीं. आठ दिवसांच्या मेळाव्यास तें ठीकच आहे. परंतु पीव्हीसीस नरम ठेवणारें जें द्रव्य त्यांत घातलेलें असतें, तें आपल्याकडील चैत्र-वैशाखाचें ऊन हळूहळू काढून घेतें. कापड ताठर होतें, कडांवर चिरतें, आणि मृगाच्या वाऱ्यांत बांधलेल्या कोपऱ्यांपासून फाटूं लागतें. शाईचीहि तीच गत. छपाईच्या चार शायांपैकीं किरमिजी व पिवळी आधीं उडतात, निळी व काळी मागें राहतात. म्हणूनच वर्ष-दीड वर्षांपूर्वींच्या पाटीवर अध्यक्ष आणि ऊंस दोघेहि सारखेच निळे दिसूं लागतात.

शंभर मायक्रॉनहून पातळ प्लॅस्टिकच्या व पीव्हीसीच्या बॅनरांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. जाड फ्लेक्स त्या बंदींत येत नाहीं, पण म्हणून तें निरुपद्रवी ठरत नाहीं. उतरलेलें फ्लेक्स आपण कडब्याच्या गंजीवर टाकतों, तेथवर ठीक. त्यावर मिरच्या वाळविणें किंवा धान्य पसरणें मात्र सोडून द्यावें, कारण तें खाद्यवस्तूंसाठीं केलेलें नसतें. शेवटीं तें बांधावर जाळलें जातें, आणि पीव्हीसी जळतांना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायु निघतो, हें जाळणारास ठाऊकहि नसतें.

किंमतीचा विचार आपण चुकीच्या टोंकाकडून करतों. पाटीस काय पडलें हें न पाहतां ती एका वर्षास काय पडते हें पाहावें. मोटार-पंप घेतांना हा हिशेब आपणांस कोणी शिकवावा लागत नाहीं. समजा, टिकाऊ पत्र्याची पाटी फ्लेक्सच्या पांचपट किंमतीस पडली व दहा वर्षें चालली, आणि फ्लेक्स दरवर्षीं बदलावें लागलें, तर पत्रा दरसाल निम्म्या किंमतीस पडतो. शिवाय प्रत्येक बदलीस शिडी, माणसें व गाडीभाडें लागतें, तें निराळेंच. दर गांवोगांवीं निराळे आहेत, तरी ज्यानें त्यानें आपल्या तालुक्याचे आकडे घालून हें गणित करून पाहावें.

टिकाऊ सामानांत माझा कौल जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्यास आहे. मात्र तो पारखून घेतला तरच. सर्व पत्रे बाहेरून सारखेच चकाकतात, भेद असतो तो जस्ताच्या वजनांत. दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरास १२० ग्रॅम जस्त असलेला पत्रा मिळतो व २७५ ग्रॅमचाहि मिळतो. पहिल्यावर एका बाजूस सुमारें आठ मायक्रॉनचा थर बसतो, दुसऱ्यावर सुमारें वीस मायक्रॉनचा. जस्त स्वतः झिजून लोखंडास वांचवितें. तेव्हां थर जितका जाड तितकें आयुष्य अधिक. कोंकणपट्टींतील खाऱ्या हवेंत ही झीज देशावरच्यापेक्षां पुष्कळ जलद होते. खताच्या गोदामाच्या दारावरील पाटीस देशावरहि तोच धोका असतो. खतांच्या क्षारांची धूळ ओलावा ओढून घेते व म्युरेट ऑफ पोटॅशमधील क्लोराइड पत्रा खातें. अशा पाटीस उन्हाळ्यांत एक-दोनदां साध्या पाण्यानें धुणें हा मोठाच उपाय आहे, व त्यास खर्च कांहींच नाहीं.

पत्र्याच्या पाटीची खरी दुर्दशा होते ती रंगामुळें. नव्या जस्ती पत्र्यावर नेहमींचा तेलरंग सरळ मारला तर जस्त व रंगांतील तेल यांचा संयोग होऊन मधें साबणासारखा थर तयार होतो, आणि दोन पावसाळ्यांत रंगाचे पोपडे सुटतात. मग लोक म्हणतात, पत्रा वाईट! पत्र्याचा त्यांत कांहीं दोष नाहीं. पत्रा तेलकटपणा जाईपर्यंत धुवून, त्यावर जस्तासाठींचा एच प्रायमर लावून मगच रंग द्यावयास पाहिजे. कापलेल्या कडा व पाडलेलीं छिद्रें यांवर जस्त उरत नाहीं. तेथें जस्तयुक्त रंगाचा हात अवश्य द्यावा. अक्षरांच्या रंगांत काळा, आणि गेरूच्या जातीचे लोहयुक्त तांबडे व पिवळे हे उन्हास सर्वांत जास्त टिकतात. वाड्यांच्या भिंतींवर गेरू किती वर्षें राहतो हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें पटवून द्यावें लागणार नाहीं. भडक तांबडा व गुलाबी ही हौस आहे, व ती महाग पडते.

अलीकडे ए.सी.पी. म्हणून जो फलक निघाला आहे त्याचीहि चौकशी पुष्कळ होते. ॲल्युमिनियमचे दोन पातळ पापुद्रे व मधें प्लॅस्टिकचा गाभा अशी त्याची रचना असते. तो गंजत नाहीं, सपाट राहतो, व वजनास हलका असतो: आठ फूट बाय चार फुटांचा तीन मिलिमीटरचा तुकडा सुमारें बारा किलो भरतो, तर एक मिलिमीटर जाडीचा तेवढाच लोखंडी पत्रा तेवीस किलोंच्या आसपास. ज्यांस शहरी थाटाची सफाई हवी त्यांनीं तो खुशाल घ्यावा. पण स्वस्त मालांत वरचा ॲल्युमिनियमचा पापुद्रा फारच पातळ असतो, तो निसटतो. म्हणून नुसती एकंदर जाडी न विचारतां पापुद्र्याची जाडी विचारावी. गाभा साध्या पॉलिथिलीनचा असेल तर तो पेट घेतो. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर ही इमारत १४ जून २०१७ रोजीं जळून ७२ माणसें मेलीं, तेथें बाहेरून लावलेल्या याच जातीच्या फलकांनीं आग पसरविली होती. कडब्याच्या गंजीजवळ किंवा विजेच्या डी.पी.लगत तो लावूं नये हें उघड आहे.

उन्हानें सर्वच फलक वाढतात, याकडे आपले कारागीर लक्ष देत नाहींत. चाळीस अंशांचा फरक पडला कीं आठ फूट लांबीचा लोखंडी पत्रा सुमारें एक मिलिमीटर, ॲल्युमिनियमचा सव्वादोन, आणि ॲक्रिलिकचा सात मिलिमीटरपर्यंत वाढतो. चोहोंकडून घट्ट ठोकलेला फलक मग फुगतो किंवा छिद्रापाशीं चिरतो. मधलें एक छिद्र घट्ट व बाकीचीं थोडीं मोठीं ठेवावीं, आणि दोन तुकड्यांत सांध राखावी, एवढ्यानें काम भागतें.

सनबोर्ड घरांत ठीक, बाहेर तो दोन उन्हाळ्यांत वांकतो. प्लायवुड घ्यावयाचेंच तर आय.एस. ७१० या मानकाचें घ्यावें. तरी कडा रंगानें बंद केल्या नाहींत तर पाणी शिरून थर सुटतात, आणि वाळवी कोणतेंहि मानक वाचीत नाहीं.

ज्या संस्थेस स्वतःचें गोदाम आहे तिनें या सर्वांआधीं आपली भिंत पाहावी. रस्त्याकडील पक्क्या गिलाव्याच्या भिंतीवर बाहेरच्या कामाचा ॲक्रिलिक रंग देऊन चांगल्या रंगाऱ्याकडून अक्षरें काढविलीं, तर तिच्याइतकी स्वस्त पाटी नाहीं. शिवाय ती वाऱ्यानें पडत नाहीं. गिलावा पुरता वाळलेला असावा, व जुना चुना खरडून काढलेला असावा. चुन्यावर रंग धरत नाहीं. या निमित्तानें तालुक्याच्या रंगाऱ्यासहि काम मिळेल.

आतां वाऱ्याविषयीं. १३ मे २०२४ रोजीं घाटकोपर येथें वादळी वाऱ्यांत जाहिरातीचा प्रचंड फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसें दगावलीं. तो १२० फूट लांब व तितकाच उंच होता. मुंबईंत मर्यादा ४० फुटांची आहे. त्याआधीं १७ एप्रिल २०२३ रोजीं पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथें अवकाळी पावसांत फलकाखालीं आसरा घेतलेलीं पांच माणसें अशींच गेलीं. आपल्या पाट्या एवढ्या मोठ्या नसतात हें खरें. तरी हिशेब पाहा. पुणें व नाशिक भागांसाठीं भारतीय मानकांत वाऱ्याचा मूळ वेग सेकंदास ३९ मीटर धरलेला आहे. या वेगानें चौरस मीटरास सुमारें ९३ किलोचा दाब येतो. वीस फूट बाय आठ फुटांच्या पाटीवर तो ढोबळ मानानें चौदाशें किलो होतो. उंची व जागा यांप्रमाणें तो कमीजास्त होईल. अशा पाटीस ए.सी.पी.ऐवजीं लोखंडी पत्रा लावला तर वजनांत फरक पडतो अवघ्या पन्नास-साठ किलोंचा. तेव्हां 'फलक हलका आहे, पातळ पाइप चालेल' हें गवंड्याचें व वेल्डरचें बोलणें मुळींच ऐकूं नये. वारा फलकाचें वजन विचारीत नाहीं, क्षेत्रफळ विचारतो. फ्लेक्समध्यें वाऱ्यासाठीं चिरा पाडण्याची चाल आहे, तिचा उपयोग फारच थोडा. खांबाचा पाया, पाइपांत पाणी न सांठेल अशी छिद्रें, जमिनीलगतचा गंज, हीं तपासण्यास अभियंत्याची फी दिली तर ती वायां जात नाहीं.

हें सर्व ठाऊक असूनहि आपल्या संस्था फ्लेक्स कां सोडीत नाहींत, याचें कारण सामानांत नाहीं. पत्र्यावर रंगविलेलें नांव दहा वर्षें राहतें, पण संचालक मंडळ पांच वर्षांनीं बदलतें, आणि छायाचित्रें तर वाढदिवसागणिक बदलतात. कायमच्या पाटीवर संस्थेचें नांव, नोंदणी क्रमांक, कामाची वेळ व मिळणाऱ्या मालाची यादी एवढेंच असावें. रोजचे भाव व खताचा शिल्लक साठा यांसाठीं शेजारीं खडूनें लिहावयाचा काळा फळा ठेवावा. सभासदास त्याचीच गरज अधिक असते. ज्यांस आपलें छायाचित्र लावावयाचें असेल त्यांनीं तें स्वखर्चानें लावावें.

पुढील वार्षिक सभेच्या अहवालांत हा खर्च निघेल तेव्हां सभासदांनीं तीन गोष्टी लेखी मागाव्या: गेल्या पांच वर्षांत पाट्यांवर एकूण किती गेलें, नव्या पत्र्यावर जस्त किती ग्रॅम आहे, आणि खांबांचा पाया कोणीं तपासला.