घराणे आणि तिजोरी

1961 च्या कायद्याने जिल्हा परिषदा आल्या; सत्ता जिल्ह्यात आली म्हणतात, पण तिजोरी मुंबईतच राहिली! परिषदेचे स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे. बाकी सारे अनुदान. मग मंत्रालयाची वाट ज्या घराला ठाऊक, ते घर अढळ. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नाईक घराण्याने दोन मुख्यमंत्री दिले. 2024 सालीही तेथील आमदारकी त्याच घरात. केळापूर ज्या आर्णी मतदारसंघात मोडते, त्याने मात्र त्याच वर्षी शिवाजीराव मोघ्यांच्या पुत्राला नाकारले. पण नुसते नाव बदलून काय होणार? रस्ता आमच्याच कराचा. त्यासाठी मतदाराने कुणाचे ऋणी कां व्हावे? केळापुरातल्या प्रत्येक ग्रामसभेत पैन्‌पैचा हिशेब मोठ्याने वाचला जावा. दातृत्वाचा मुखवटा त्याखेरीज गळणार नाही.