बेल्ट दिला, हुक कुठे लावायचा?

'हार्नेस घातला आहे का? हो / नाही.'

हा प्रश्न मी लिहिलाय. म्हणजे प्रश्न क्लायंटचा होता, पण ज्या चौकोनात टिक होते तो चौकोन माझा. तेव्हा मी नागपुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते आणि आम्ही बांधकाम साइटसाठी सेफ्टीचं ॲप बनवत होतो. सकाळी सुपरवायझरने फोन काढायचा, उंचीवर चढणाऱ्या प्रत्येकाचा बेल्ट घातलेला फोटो घ्यायचा आणि 'हो'वर टिक करायची. टिक केल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे. मला या गोष्टीचा अभिमान होता. 'मॅन्डेटरी फील्ड आहे, कोणालाच चुकवता येणार नाही,' असं मी डेमोमध्ये मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

ॲप शिकवायला एका साइटवर गेले, तेव्हा भंडाऱ्याकडच्या एका सेंट्रिंगवाल्या दादांनी मला विचारलं, "मॅडम, बेल्ट त घातला. पण हुक कुठी लावू?"

मी म्हणाले, "ते सुपरवायझरला विचारा." आणि पुढचं पान उघडून दाखवलं.

काही महिन्यांनी मेल आला की अमुक तारखेच्या नोंदीची पीडीएफ काढून द्या. दुसरीच साइट, दुसराच माणूस. पार्किंगच्या स्लॅबचं सेंट्रिंग चालू होतं, उंची साधारण सव्वातीन मीटर. कडेला काम करणारा एक कामगार खाली पडला. टाच मोडली, कमरेचं हाड मोडलं. नोंद मात्र अगदी स्वच्छ होती. हार्नेस: हो. फोटो: जोडला आहे. फोटोत हुकही दिसत होता, त्याच्या पायाशी वर आलेल्या सळईला अडकवलेला. आणि 'अपघाताचं कारण' या रकान्यात दोनच शब्द होते: कामगाराचा निष्काळजीपणा.

माझी डिग्री मेकॅनिकलची आहे. आपल्याकडे मेकॅनिकल करून कोडिंगला जाणारे ढिगाने आहेत, मी त्यातलीच एक. पण पहिल्या वर्षी शिकलेलं विसरायचं म्हटलं तरी विसरलं जात नाही. त्या रात्री मी वहीत आकृती काढली.

हार्नेसची रिंग पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये असते. उभ्या माणसाच्या पावलांपासून ती साधारण दीड मीटर वर येते. दोरी दोन मीटरची. हुक पावलांशी लावलाय. आता माणूस पडला, तर दोरी ताणली जाण्यासाठी रिंग हुकाच्या दोन मीटर खाली जायला हवी. म्हणजे दीड अधिक दोन, साडेतीन मीटर पडल्याशिवाय ती दोरी काहीही करणार नाही. आणि जमीन होती सव्वातीन मीटरवर.

बेल्ट तुटला नाही. हुक सुटला नाही. सळई वाकली नाही. दोरी ताणलीच गेली नाही. ताशी जवळजवळ २९ किलोमीटरच्या वेगाने तो माणूस जमिनीवर आदळला, तेव्हाही त्याच्या पाठीवर दोरी सैलच होती. सांगितलेलं सगळं त्याने केलं होतं. चूक होती ती ज्याने ती जागा ठरवली त्याची. खरं तर ज्याने ती ठरवलीच नाही त्याची. आणि ज्या ॲपने ते सगळं 'हो' म्हणून साठवलं त्याची, म्हणजे माझीही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. बेल्ट कामगाराच्या अंगावर असतो, पण हुकाची जागा ठरवणं हे त्याचं काम नाही. ते इंजिनियरचं, कंत्राटदाराचं आणि मालकाचं काम आहे. बेल्ट वाटून 'आम्ही सेफ्टी दिली' म्हणणं म्हणजे बादली देऊन 'आम्ही विहीर दिली' म्हणण्यासारखं आहे.

आकडे अजून थोडे सांगते, कारण हा विषय भावनेपेक्षा आकड्यांनी लवकर कळतो. चांगल्या दोरीत झटका शोषणारा एक भाग असतो, घडी घालून शिवलेली पट्टी. पडताना तिचे टाके उसवतात आणि झटका वाटला जातो. युरोपीय मानकानुसार त्याने अंगावरचा झटका ६ किलोन्यूटनच्या आत ठेवायचा असतो, म्हणजे सुमारे ६०० किलो वजनाएवढा ओढा. हा भाग उघडून पावणेदोन मीटरपर्यंत लांब होऊ शकतो. आता बेरीज करा: दोरी २ मीटर, शोषक १.७५, रिंगेपासून पावलांपर्यंत १.५, वर सुरक्षिततेसाठी १. एकूण सव्वासहा मीटर. हुकाच्या खाली एवढी मोकळी जागा हवी, म्हणजे दोन मजल्यांहून जास्त. नागपुरात बेसा, मनीषनगर, बेलतरोडीकडे पार्किंग आणि वर चार मजले अशा इमारती उभ्या राहतात. त्यांच्या खालच्या दोन मजल्यांवर ही दोरी पायाशी लावली, तर तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. तिथे हुक डोक्याच्या वर हवा, किंवा गाडीच्या सीटबेल्टसारखी झटक्याने अडकणारी गुंडाळी हवी, किंवा दोरी इतकी आखूड हवी की माणूस कडेपर्यंत पोचूच नये. सगळ्यात बरं म्हणजे कडेला रेलिंग हवं. रेलिंगला कोणी हुक लावत नाही, ते विसरताही येत नाही. पण रेलिंगचा फोटो माझ्या ॲपमध्ये मागितलेला नव्हता.

हुक ज्याला लावायचा ते काय ताकदीचं हवं? युरोपात एका माणसासाठीच्या अँकरची चाचणी १२ किलोन्यूटनला होते. साध्या भाषेत, त्याला एक छोटी कार टांगता आली पाहिजे. आता आपल्या साइटवर हुक कशाला लावलेला दिसतो ते आठवा. परांचीच्या बांबूला, सेंट्रिंगच्या बल्लीला, पाण्याच्या पाइपला, खिडकीच्या ग्रिलला. नाहीतर, जे सर्रास दिसतं, स्वतःच्याच बेल्टला.

आणि आधारच कोसळला तर? १ ऑगस्ट २०२३ ला समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ गर्डर बसवणारं अवाढव्य यंत्र कोसळलं आणि २० माणसं गेली. ९ ऑगस्ट २०२५ च्या रात्री आपल्याच कोराडीत मंदिराच्या प्रवेशद्वाराचा स्लॅब बांधकाम चालू असताना खाली आला, डझनाहून जास्त कामगार जखमी झाले. अशा ठिकाणी त्याच सांगाड्याला बेल्ट बांधलेला माणूस सांगाड्याबरोबरच खाली येतो. म्हणून हार्नेस ही शेवटची पायरी आहे. आधी ते काम जमिनीवर करता येईल का हे बघा, मग रेलिंग, मग जाळी, आणि यातलं काहीच शक्य नसेल तर बेल्ट. आपण शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो, कारण ती सगळ्यात स्वस्त आहे आणि तिचा दोष कामगारावर ढकलता येतो.

ढकलता येतो म्हणजे काय, तेही बघा. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात एक कलम होतं. कामगाराने सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढलं किंवा त्याकडे दुर्लक्ष केलं आणि त्यामुळेच इजा झाली, तर मालकावर भरपाईची जबाबदारी येत नाही. अपवाद फक्त मृत्यूचा आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वाचा. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही जवळपास तीच भाषा आली आहे. आता त्या रकान्यातले दोन शब्द परत वाचा. 'कामगाराचा निष्काळजीपणा' हे नुसतं मत नसतं, त्याची किंमत रुपयांत असते. मोडलेली टाच आणि कमर घेऊन सहा महिने घरी बसणारा माणूस मेलेला नसतो, कायमचा पूर्ण अपंगही नसतो. हे वाक्य नेमकं त्याच्याच आड येतं.

सरकार काय करतं? बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतं. त्या पैशातून महाराष्ट्राचं बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदणी झालेल्या कामगारांना सुरक्षा संच देतं. त्यात हेल्मेट, बूट, डबा, चटई, मच्छरदाणी असते आणि सेफ्टी हार्नेसही असतो. संच मिळतो हे चांगलंच आहे, कामगारांना तो हवाही असतो. पण हार्नेस घरी नेऊन करायचं काय? तो ज्याला बांधायचा ती गोष्ट पेटीत मावत नाही. ती साइटवर लागते, स्लॅब पडायच्या आधी नकाशात लागते. चटई आणि हार्नेस एकाच पेटीत देणं, यातच आपली समज दिसते: आपल्याला वाटतं सुरक्षा ही वाटायची वस्तू आहे.

इथे कोणीतरी म्हणणारच, "पण मॅडम, हे लोक दिला तरी बेल्ट लावत नाहीत." खोटं नाही. मी स्वतः पाहिलंय. पण नागपूरकरांनो, हेल्मेट कोपराला अडकवून चौकात पोलीस दिसला की डोक्यावर घालणारे आपणच ना? त्यात डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, माझ्या ऑफिसातले आर्किटेक्टही आहेत. तेव्हा 'अडाणी लोक' हा मुद्दा आधी बाजूला ठेवू.

मग ते का लावत नाहीत? एक हुक असलेल्या दोरीने चालताना प्रत्येक खांबापाशी हुक काढावा लागतो, म्हणजे नेमका पुढे सरकतानाच माणूस मोकळा असतो. दोन हुकांची दोरी असेल तर एक कायम अडकलेला राहतो, पण ती महाग. काम चौरस फुटावर ठरलेलं असतं, हुक काढण्या-लावण्यात गेलेल्या वेळाचे पैसे कोणी देत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना मांड्यांचे पट्टे घट्ट ओढून आठ तास काम करून बघा. आणि सगळ्यात मोठं कारण त्या दादांनीच मला सांगितलं होतं. हुक लावायला जागाच नसेल, तर बेल्ट हे नुसतं ओझं आहे. ते ओझं नाकारणारा माणूस निष्काळजी नाही, त्याने हिशोब केलाय.

जागा दिली, तर पुढच्या गोष्टी शिकवता येतात, आणि त्या शिकवायलाच हव्यात. फक्त कमरेला बांधायचा जुना पट्टा पडणाऱ्या माणसासाठी नाहीच. झटक्याने तो पोट आणि कणा दाबतो. अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून पडणं रोखण्यासाठी त्याला बंदी आहे. फुल बॉडी हार्नेसमध्ये मांड्यांचे पट्टे सैल सोडायचे नाहीत, सपाट तळवा आत जाईल पण मूठ फिरणार नाही इतके घट्ट हवेत. छातीचा पट्टा लावायचाच, नाहीतर माणूस बाहेर निसटू शकतो. ऊन, सिमेंट आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पट्टा कुजतो, म्हणून रोज बोटांनी चाचपून बघायचा. हुक फार बाजूला लावला तर पडलेला माणूस लंबकासारखा झोका घेऊन खांबावर आपटतो. आणि एकदा पडणं झेललेला हार्नेस वरून कितीही नवा दिसला तरी परत वापरायचा नाही.

शेवटचं, आणि कोणीच न विचारलेलं: झेलला, मग पुढे? हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकलेल्या माणसाच्या पायात रक्त साचतं, काही मिनिटांत शुद्ध जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. त्याला खाली कोण उतरवणार, कशाने, किती वेळात? फायर ब्रिगेडला फोन करून वाट बघणं ही योजना नाही.

मी फॉर्म बदलायचा प्रस्ताव दिला होता. 'हार्नेस घातला आहे का' हा प्रश्न काढून तीन नवे: हुक कशाला लावलाय आणि ती जागा कोणी ठरवली, नावासकट? हुकाखाली किती मीटर मोकळं आहे? लटकला तर कोण उतरवणार? उत्तर आलं की फॉर्म लांब होतोय, साइटवाले वैतागतील. पण मला वाटतं लांबीची भीती कोणालाच नव्हती. पहिल्या प्रश्नात कामगाराचा फोटो लागत होता. नव्या प्रश्नात साहेबाचं नाव लागणार होतं.

ती नोकरी मी सोडली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण एका कंपनीने हे बिघडवलेलं नाही. वर्धा रोडच्या ३.१४ किलोमीटरच्या डबल डेकर पुलाच्या गिनीज रेकॉर्डचा फोटो आपण सगळ्यांनी स्टेटसला ठेवला होता, मीही. उंच बांधण्याचा अभिमान असायला हरकत नाही. पण मग त्या उंचीवरच्या माणसाचा हिशोबही आपलाच.

आणि हे फक्त साइटवाल्यांसाठी नाही. एप्रिलमध्ये तुम्ही फोनवरून एसीची सर्व्हिस बुक करता. तुमच्याच वयाचा एक मुलगा येतो, चौथ्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर पडतो, वीतभर छज्जावर उभा राहून आउटडोअर युनिट उघडतो. तुम्ही आतून म्हणता, "भाऊ, सांभाळून हं." 'सांभाळून' म्हटलं की आपली जबाबदारी संपली असं आपल्याला वाटतं. माझ्या चेकबॉक्सनेही तेवढंच केलं होतं.

पुढच्या वेळी त्याला खिडकीतच थांबवा. नवा फ्लॅट बघायला गेलात तर टाइल्सच्या आधी बिल्डरला विचारा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये रंगाचं कंत्राट देताना सेक्रेटरींना विचारा. प्रश्न माझा नाही, त्या दादांचा आहे, आणि तेव्हा मी तो टाळला होता: हुक कुठे लावायचा? उत्तर मिळेपर्यंत काम सुरू होऊ देऊ नका.