उसाचं बिल आलं म्हणून जुने स्पीकर भंगारात घालू नका

आजची नोंद वावरातली नाही, घरातली आहे. कृषी सहायक मंडळींनी लगेच पुढं सरकू नये, खाली मोटर, केबल आणि डीपी सगळं येणार आहे.

उसाचं बिल खात्यावर पडलं की गावात दोन गोष्टी दिसतात. टेम्पोतून मोठा टीव्ही उतरतो, सोबत ‘५.१ होम थिएटर’ लिहिलेलं खोकं. आणि आठवड्याभरात त्याच घरातले जुने लाकडी स्पीकर भंगारवाल्याच्या गाडीवर चढतात, किलोच्या भावानं. ह्या दुसऱ्या गोष्टीला माझा विरोध आहे. जुन्याची माया म्हणून नाही. हिशोबात बसत नाही म्हणून.

ह्या सामानात जुनं काय होतं ते बघा. जुनी होते ती इलेक्ट्रॉनिक्स. १९९२ साली डॉल्बी डिजिटल सिनेमाच्या पडद्यावर आलं, मग ते घरात आलं. २००९ मध्ये एचडीएमआयमध्ये एआरसी आलं, पुढं ईएआरसी. दर वेळी आधीच्या डब्याची पिन बसेना झाली. स्पीकरचं तसं नाही. लोहचुंबक, तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटवलेला कागदाचा कोन, एवढाच मामला. अमेरिकेत राइस आणि केलॉग ह्या दोघांनी १९२५ मध्ये ही रचना मांडली, आजचे बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात. त्याला दोन वायरी लागतात. आवाज कॅसेटवरून आला, मोबाईलवरून आला की नव्या टीव्हीतून, त्याला काही देणंघेणं नाही. मोटर बदलली म्हणून कुणी विहीर बुजवतं का?

उलट एक गोष्ट आता सोपी झाली. पूर्वी मोठा स्पीकर टीव्हीला चिकटून ठेवला की पडद्यावर हिरवे-जांभळे डाग यायचे, कारण जुन्या डब्यांचं चुंबक झाकलेलं नसायचं आणि पिक्चर ट्यूबला ते चालायचं नाही. आताच्या सपाट टीव्हीला चुंबकाचं काही वावडं नाही. खुशाल शेजारी ठेवा.

आता मुद्द्याचं. नवा टीव्ही बोटाएवढा जाड. त्यात स्पीकर मावणार किती, आणि ते बहुतेक खाली नाहीतर मागं तोंड करून बसवलेले असतात. आवाज भिंतीवर आपटून येतो. माझे वडील पंच्याहत्तरीच्या पुढचे. त्यांची तक्रार आवाज कमी असल्याची नव्हती, "आवाज येतो रे, पण बोलतात काय ते कळत नाही" अशी होती. आवाज वाढवला की सुनेला त्रास, कमी केला की आजोबा उठून बाहेर ओट्यावर. बऱ्याच घरांत हेच चाललंय. वयानुसार कान आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज सोडतो, आणि स, श, त, क, फ ही अक्षरं ओळखू येतात ती त्याच पट्टीवर. म्हणून तोंड आपल्याकडे असलेला आणि ट्विटर कानाच्या उंचीला असलेला साधा जुना डबासुद्धा म्हाताऱ्या माणसाला शब्द परत देतो. त्याला पाच डबे लागत नाहीत. दोन चांगले पुरतात.

सगळेच जुने डबे ठेवण्यासारखे असतात असं मात्र नाही. नव्वदच्या दशकात ‘पीएमपीओ’चे हजारो वॅट छापलेले जे प्लास्टिकचे सेट आले, त्यांचं मला कौतुक नाही. कित्येकांत पुढं चार गोल दिसायचे आणि त्यातला एकच वाजायचा, बाकी शोभेचे. ते खुशाल भंगारात द्या. उचलून बघा. डबा जड आहे, ठोकल्यावर पत्र्याच्या पिंपासारखा वाजत नाही, मागं ओहम लिहिलाय, तर तो ठेवायचा. वॅटपेक्षा एक आकडा जास्त महत्त्वाचा: एका वॅटवर एक मीटरवरून किती डेसिबल. माझ्या जोडीवर ९० लिहिलंय. दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट लागतात. म्हणजे ८४ डेसिबलच्या छोट्या नव्या डब्याला जिथं ८० वॅट द्यावे लागतील, तिथं ९० वाल्याला २० पुरतात. हा फरक कुठलाही दुकानदार आपणहून सांगत नाही.

डबे माळ्यावरून काढल्यावर आधी जाळी काढून वूफरच्या कडेची रिंग बघा. फोमची असेल तर तिचा भुसा झालेला असणार. पंधरा-वीस वर्षांत फोम कुजतोच, आपल्या दमट हवेत लवकर. रबराची किंवा कापडाची असेल तर बहुतेक शाबूत असते. फोम गेला म्हणजे स्पीकर गेला असं नाही, त्याच मापाची रिंग बसते. तालुक्याच्या गावी मंडपवाल्यांचे भोंगे, डीजेचे बॉक्स दुरुस्त करणारा कुणीतरी असतोच, तो बसवून देतो. कोन बरोबर मध्यावर बसला पाहिजे एवढं त्याला सांगा, नाहीतर वेटोळं चुंबकाला घासतं आणि खरखर येते. ट्विटर मंद वाजत असेल तर आतला कपॅसिटर बघायला सांगा. सिंगल फेज मोटरचा कपॅसिटर उतरला की मोटर नुसती गुणगुणते हे आपल्याला माहीत आहे. इथंही तो म्हातारा होतो, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा नवा घातला की झालं. आणि मागच्या गोल भोकात उंदराचं घरटं नाही ना, ते हात घालण्याआधी बॅटरी मारून बघा.

जोडणीत तीन गोष्टी, आणि तिन्ही आपल्या ओळखीच्या.

थ्री फेजच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते. आवाज सगळा येतो, पाणी मात्र धड येत नाही. स्पीकरच्या एका डब्याची लाल-काळी उलटी लागली की तसंच होतं. दोन्ही वाजतात, पण ढोलकीचा घुमारा गायब आणि गाणारा नेमका कुठं आहे ते समजत नाही. खुणा पुसल्या असतील तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. सेलचा प्लस डब्याच्या प्लसला लागला की वूफर बाहेर येतो. दोन्ही डबे सारखे हलले पाहिजेत.

दुसरं, वायर. सबमर्सिबलला बारीक केबल टाकून व्होल्टेज ड्रॉप झालेला आपण सगळ्यांनी बघितलाय. इथं ८ ओहमच्या डब्याला घरच्या लाइट फिटिंगची दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर १० मीटरपर्यंत पुरते, जाऊन-येऊन पाव ओहमच्या आतच अडथळा होतो. सोन्याचा मुलामा दिलेली महागडी वायर घेऊ नका.

तिसरं, ओहम. ८ चे दोन डबे एकाच जोडावर समांतर लावले की ४ होतात आणि करंट दुप्पट खेचतात. ॲम्प्लिफायरवर ‘कमीत कमी ६ ओहम’ लिहिलं असेल तर हे म्हणजे एका डीपीवर जास्तीच्या मोटारी चढवणं. डीपीचं काय होतं ते सांगायला नको. उलट, खोक्यातल्या होम थिएटरचे डबे बहुतेक ३-४ ओहमचे आणि पिनाही स्वतःच्याच, म्हणून तो ॲम्प्लिफायर जुन्या डब्यांना वापरता येईलच असं नाही. ॲम्प्लिफायर वेगळाच घ्या, मध्यम ताकदीचा. आणि लहान ॲम्प्लिफायर पार शेवटपर्यंत पिळू नका. मोठ्यापेक्षा असा पिळलेला लहानच ट्विटर लवकर जाळतो.

टीव्हीतून आवाज काढायचा सगळ्यात साधा रस्ता म्हणजे हेडफोनचं भोक. आवाज टीव्हीच्याच रिमोटवर राहतो, घरातल्या म्हाताऱ्यांना दुसरा रिमोट शिकवावा लागत नाही. ते नसेल तर ऑप्टिकलमधून काढून साध्या पिनांवर आणणारी छोटी डबी मिळते, डीएपीच्या पोत्याएवढाही खर्च नाही. ती लावली की टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज ‘पीसीएम’ वर ठेवायचा. हे केलं नाही तर काहीच वाजत नाही आणि लोक डबी खराब आहे म्हणून परत नेऊन देतात.

ज्यांच्याकडे खरा ५.१ चा रिसीव्हर आहे त्यांच्यासाठी एक सूचना. सिनेमातलं बोलणं बहुतेक मधल्या डब्यातून येतं. जुने दोन पुढं लावून मधला डबा लावला नाही, आणि रिसीव्हरला ते सांगितलंही नाही, तर गाणी वाजतील, मारामारी ऐकू येईल आणि माणसं मुकी होतील. सेटिंगमध्ये ‘सेंटर: नाही’ करा, तो बोलणं दोन्ही बाजूंना वाटून देतो. मधला म्हणून कुठलाही प्लास्टिकचा तुकडा लावण्यापेक्षा माझं मत हेच. दोन जातींचे डबे शेजारी लावले की माणूस पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालताना त्याचा आवाजच बदलतो. मात्र मधला डबा नसेल तर बसायचं मध्यावर, कडेच्या खुर्चीवाल्याला बोलणं जवळच्या डब्यातूनच येणार, हे मान्य.

छाती हलवणारा धमाकाच पाहिजे असेल तर सबवूफर लागतोच, तिथं माझं काही म्हणणं नाही. तो लावला तर जुन्या डब्यांना रिसीव्हरमध्ये ‘स्मॉल’ करा आणि ८० हर्ट्झवर तोडा, त्यांच्यावरचा खालचा भार उतरतो.

ह्या महिन्यात कुणी डबे काढणार असेल तर डब्याच्या मागच्या पाटीचा आणि टीव्हीच्या मागच्या पिनांचा फोटो कमेंटमध्ये टाका, काय कुठं लावायचं ते बघून सांगतो. आणि ८ इंची फोम रिंग मराठवाड्यात कुठल्या गावी मिळते ते कुणाला ठाऊक असेल तर तेही लिहा, पाच-सहा जण विचारतायत.